मधेच थांबली तरी वाया न जाणारी राईड

सायकल रेसची तयारी ज्याने एकदा केली आहे, त्याला बायकोच्या गरोदरपणाचं वेळापत्रक ओळखीचं वाटतं. ४० आठवडे, तीन तिमाह्या, शेवटी एक तारीख. घोळ त्या तारखेतच आहे. ठरल्या दिवशीच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. ३७वा आठवडा पुरा झाला की कधीही निघावं लागेल, आणि पहिलटकरीण असेल तर ४१वा लागला तरी काहीच हालचाल नाही, असंही होतं. ट्रेनिंग प्लॅन मात्र रेसच्या तारखेपासून उलटे दिवस मोजत बनतो: बेस (पाया), बिल्ड (वाढ), पीक (शिखर), टेपर (रेसआधी ओझं उतरवणं). या नऊ महिन्यांना तो साचा बसत नाही. म्हणून आठवडा हे मापच सोडून दिलं आणि प्रत्येक राईड अशी रचली की ती ३५व्या मिनिटाला तोडावी लागली तरी कामाचा भाग होऊन गेलेला असावा. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

कॅलेंडरवर आधी दवाखाना, मग सायकल. तपासण्या साधारणपणे २८व्या आठवड्यापर्यंत महिन्यातून एकदा, ३६व्यापर्यंत पंधरा दिवसांनी आणि त्यानंतर दर आठवड्याला असतात. मधे १८ ते २२ आठवड्यांतली मोठी सोनोग्राफी, २४ ते २८ मधली साखरेची तपासणी. या तारखा भरून झाल्यावर उरलेल्या जागेत रेस शोधायची. मुख्य रेस १६ ते २८ या आठवड्यांत बसली तर उत्तम. तोवर मळमळ बहुधा ओसरलेली असते, पोट अजून जड झालेलं नसतं आणि बायकोलाही घरातून बाहेर पडावंसं वाटत असतं. २८ नंतर फक्त जवळच्या रेस, ३२ नंतर क्रिटेरियम (छोट्या बंद रस्त्यावरच्या फेऱ्यांची रेस) आणि घोळक्यातली स्प्रिंट पूर्ण बंद. कारण धाडसाचं नाही, हिशेबाचं आहे. सायकलवाल्याचं ठरलेलं फ्रॅक्चर म्हणजे गळपट्टीचं हाड. ते जुळायला ६ ते १२ आठवडे जातात. हात गळ्यात अडकवलेला बाप बाळ उचलू शकत नाही, दुपटं बदलू शकत नाही आणि रात्री गाडी चालवून दवाखान्यातही नेऊ शकत नाही. एकट्याने चालवायची टाइम ट्रायल किंवा चढाची रेस यात बरी पडते. पडण्याची शक्यता कमी, आणि तासाभराच्या ट्रेनिंगवर तिची तयारीही होते. अनेक दिवसांच्या स्टेज रेसची होत नाही.

रेस अर्धवट सोडण्याची लाज वाटत असेल तर २०२३ची टूर द फ्रान्स आठवावी. बेल्जियमचा सायकलपटू वाउट वान आर्ट १८व्या टप्प्याआधी घरी निघून गेला, बायकोचे दिवस भरत आले होते म्हणून. संघाचा नेता पिवळ्या जर्सीत, म्हणजे शर्यतीत पहिला होता, तरीही.

पहिल्या तिमाहीत सायकलवाल्याला वाटतं की अजून काही बदललेलं नाही. बदललेलं असतं, वासात. मळमळ साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास शिगेला पोहोचते. घामाने भिजलेली बिब शॉर्ट्स, पायाला लावायचं गरम मलम, साखळी धुवायचं डिग्रीझर, शूजमधलं कोंदट पाणी या सगळ्यांचा वास बायकोला खोलीच्या पलीकडून लागतो. कपडे राईडवरून आल्या आल्या धुवायचे, बादलीत भिजत ठेवायचे नाहीत. साखळीला मेण लावायचं असेल तर हीच वेळ. मेणाची साखळी कोरडी राहते, डिग्रीझरची गरजच संपते आणि पुढे बाळाच्या कपड्यांना काळे डागही लागत नाहीत.

आता तासांचा हिशेब. दोन तासांची राईड दोन तासांची नसतेच. आदल्या रात्री बाटल्या, सकाळी हवा भरणं, कपडे शोधणं, परतल्यावर आंघोळ, खाणं, सायकल पुसणं, आणि मग दुपारी सोफ्यावर डोळा लागणं, सगळं धरून ती साडेतीन तासांना पडते. सोफ्यावरचा तास कोणी मोजत नाही, पण घरातल्या दुसऱ्या माणसाला तो बरोब्बर दिसतो. राईड छोटी करण्याआधी हा वरखर्च कमी करावा. दोन जोड बिब शॉर्ट्स आणि मोजे एकाच टोपलीत. साखळी, टायर, बॅटऱ्या यांची तपासणी महिन्यातून एकदा, एका बैठकीत: ११ किंवा १२ स्पीडची साखळी ०.५ टक्के ताणली की बदलायची, ट्यूबलेसमधलं सीलंट दर तीन महिन्यांनी पाहायचं, इलेक्ट्रॉनिक गिअर आणि दिवे चार्ज करायचे. एवढं केलं की दार उघडल्यापासून पॅडलवर पाय पडेपर्यंत पाच मिनिटं लागतात. माझ्या मते कुठल्याही महागड्या चाकांपेक्षा ही पाच मिनिटं जास्त मोलाची आहेत.

तास कमी झाले की पहिली चूक ठरलेली: उरलेल्या प्रत्येक राईडमध्ये मध्यम जोर. ना धड सोपी, ना धड अवघड. नेमकं हेच करू नये. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात व्यायामाचे अभ्यासक हिक्सन यांच्या गटाने यावर प्रयोग केले होते. लोकांकडून दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं कठोर व्यायाम करवून घेतला, मग १५ आठवडे एकेक गोष्ट कमी केली. दिवस सहावरून दोनवर आणले, तरी व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप) टिकला. मिनिटं ४० वरून २६ किंवा १३ वर आणली, तरी टिकला. १३ मिनिटवाल्यांचा लांब पल्ल्याचा दम मात्र घटला. पण जोर एक तृतीयांशाने जरी कमी केला, तर व्हीओटू मॅक्स उतरला. घ्यायचं ते एवढंच की दिवस कापा, मिनिटं कापा, जोर कापू नका. आणि दोन-तीन आठवड्यांतून एकदा तरी अडीच-तीन तासांची राईड मिळवा, कारण लांब दम छोट्या राईडवर टिकत नाही.

ज्यांना ट्रेनिंग अॅपमधली फिटनेसची रेघ पाहून धसका बसतो त्यांच्यासाठी आकडे. एफटीपी म्हणजे साधारण तासभर जेमतेम टिकवता येणारे वॅट; त्यावर एक तास म्हणजे ट्रेनिंग स्ट्रेस स्कोर (राईडच्या ओझ्याचे गुण) १००. त्याच्या ६५ टक्क्यांवर एक तास म्हणजे साधारण ४२. आठवड्याला दहा तास चालवणाऱ्याचे ५२५ गुण होतात, म्हणजे रोजचे ७५. पाच तासांवर आल्यावर, त्यात दोन कठोर सेशन धरूनही, २९०च्या आसपास होतात, म्हणजे रोजचे ४१. फिटनेसची रेघ रोजच्या गुणांच्या ४२ दिवसांच्या सरासरीवर चालते, त्यामुळे सहा आठवड्यांत ती ७५ वरून ५४ पर्यंत घसरलेली दिसेल. एफटीपी त्या प्रमाणात पडत नाही. ती रेघ ओझं मोजते, पाय मोजत नाही. काही महिने तो आलेख उघडूच नये हे बरं.

तुटली तरी चालेल अशा राईडची रचना अशी. पहिली १२ मिनिटं वॉर्मअप: सहा मिनिटं एफटीपीच्या ५० ते ६० टक्क्यांवर, मग तीन वेळा एक मिनिट १००च्या वर केडन्स (मिनिटाला पॅडलच्या फेऱ्या) आणि एक मिनिट सोपं. लगेच मुख्य काम. माझी पसंती ३०/१५ ला: ३० सेकंद एफटीपीच्या ११५ ते १२५ टक्क्यांवर, १५ सेकंद निम्म्या ताकदीवर, असं १३ वेळा. एक सेट साडेनऊ मिनिटांचा. मधे तीन मिनिटं सोपं, असे तीन सेट. दुसरा सेट संपतो तेव्हा घड्याळात ३४ मिनिटं झालेली असतात. तिथे हाक आली तरी दोन सेट खिशात असतात. तिसरा झाला तर ४६ मिनिटं ३० सेकंद. घर अजून शांत असेल तर त्यापुढे झोन टूमध्ये, म्हणजे सहज बोलता येईल अशा जोरावर, जितका वेळ मिळेल तितका. झोन टू शेपटीला ठेवायचा, डोक्याला नाही. नेहमीची सवय उलटी असते: आधी निवांत तासभर फिरायचं, मग इंटरव्हल, म्हणजे जोराचे तुकडे. बाळ आल्यावर तो निवांत तासच शिल्लक राहतो, इंटरव्हल राहून जातात.

दुसऱ्या कठोर दिवशी आठ-आठ मिनिटांचे चार इंटरव्हल, सगळे जेमतेम पेलतील इतक्या जोरात, मधे दोन मिनिटं. शेवटच्या आठ मिनिटांत वॅट पहिल्याइतकेच राहिले तर जोर बरोबर होता. पहिल्यातच जीव काढला तर तिसऱ्यात पाय विझतात, आणि झोप कमी असलेल्या दिवशी हे हमखास होतं. दोन कठोर दिवसांत किमान ४८ तास. बाकी राईड खरोखर सोप्या, वाक्य न तुटता बोलता येईल इतक्या.

यातलं बरंचसं ट्रेनरवर, म्हणजे सायकल घरात जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर होणार, आणि हे यंत्र झोपलेल्या घरात ठेवलेलं असतं. चाक काढून बसवायचा ट्रेनर टायर घासणाऱ्यापेक्षा पुष्कळ शांत असतो. पण त्याच्याही दोन गोष्टी राहतात: जमिनीतून जाणारी थरथर आणि पाय थांबवल्यावर वाजणारा फ्रीहब (गिअरच्या चकत्या बसतात तो भाग). थरथरीला खाली जाड रबरी चटई. फ्रीहबला एकच इलाज, पाय थांबवायचेच नाहीत. सेट संपला तरी हळू फिरवत राहायचं. ईआरजी मोड (ट्रेनर स्वतःच ठरलेले वॅट राखतो ती सोय) आठ मिनिटांच्या इंटरव्हलला चांगला, ३०/१५ ला वाईट. ट्रेनरला नवा आकडा धरायला काही सेकंद लागतात, तोवर १५ सेकंदांची विश्रांती संपलेली असते. शिवाय थकल्यावर केडन्स पडला की ईआरजी वॅट राखायला ब्रेक आवळतो, केडन्स आणखी पडतो, आणि पॅडल चिखलात रुतल्यासारखं होतं. अशा वेळी जोर लावू नये, गिअरशी खेळू नये. काही सेकंद सोडून द्यावं आणि हलक्या पायाने केडन्स ९० वर आणून पुन्हा शिरावं.

पंखा एक पुरत नाही. बंद खोलीत तेच वॅट रस्त्यापेक्षा जड जातात ते बहुतांशी उष्णतेमुळे. एक पंखा छातीवर, एक पाठीमागून. तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर पाणी. हँडलबारवर टॉवेल पसरायचा. नुसती स्वच्छता म्हणून नव्हे, तर घामातलं मीठ हेडसेटच्या (हँडल फिरतं त्या सांध्याच्या) बेअरिंगमध्ये, स्टेमच्या (हँडलबार धरणाऱ्या तुकड्याच्या) बोल्टमध्ये आणि बार टेपखालच्या अॅल्युमिनियममध्ये शिरतं म्हणून. वर्षभर ट्रेनरवर चाललेल्या सायकलची बार टेप सोडली की खाली पांढरी बुरशी दिसावी तशी गंज दिसते. महिन्यातून एकदा बोल्ट पुसावेत, सहा महिन्यांतून एकदा टेप उघडून पाहावी.

३६व्या आठवड्यापासून नियम वेगळे. घरापासून २० मिनिटांपलीकडे जायचं नाही. लांब जाऊन परत येण्याऐवजी सहा-सात किलोमीटरची फेरी वारंवार मारायची. कंटाळा येतो, पण कुठूनही घर जवळ राहतं. जिथे फोनला रेंज नाही असा घाट बंद. फोन बाटलीच्या पिशवीत नाही, पाठीच्या खिशात, पूर्ण आवाजावर. ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये तिचा नंबर अपवाद म्हणून नोंदवला आहे का, ते आधी स्वतः फोन लावून पाहायचं. गाडीत बाळाची सीट बसवून पट्टे घट्ट झाले का तपासायचे, दवाखान्याची बॅग दाराशी. डांग्या खोकल्याच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारायचं. बापालाही ती बाळ येण्याआधी किमान दोन आठवडे घेतलेली बरी.

३७ नंतर स्वतःला रिकामं करणारी एकही राईड नको. पहिल्या बाळंतपणाला कळा सुरू झाल्यापासून १२ ते १८ तास सहज लागतात, कधी जास्तही, आणि त्यातली एखादी रात्र बापाचीही उभ्याने जाते. सकाळी चार तास दमून आलेला माणूस त्या रात्री उपयोगाचा नसतो. मी यासाठी दिवसाला ८० गुणांची मर्यादा योग्य मानतो. कळा पाच मिनिटांच्या अंतराने, एकेक मिनिटाच्या, तासभर टिकल्या की निघायचं, असा ढोबळ संकेत बऱ्याच ठिकाणी सांगतात. आपल्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच खरं. पाणमोट फुटली, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र कळा मोजत बसायचं नाही.

जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे सायकल नाही. फिटनेसच्या दृष्टीने यात फारसं जात नाही. पहिल्यांदा घटतं ते रक्तातलं पाणी, प्लाझ्मा. त्यामुळे परतल्यावर त्याच वॅटला हृदयाचे ठोके मिनिटाला पाच-दहा जास्त दिसतात, आणि आठ-दहा दिवसांच्या नियमित राईडने ते परत जागेवर येतात. या पंधरा दिवसांत मोजायचे आकडे दुसरे आहेत: पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा अधिक ओले लंगोट, २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध, १० ते १४ दिवसांत जन्मवजन परत. सिझेरियन झालं असेल तर बाळाहून जड काहीही तिने साधारण सहा आठवडे उचलायचं नसतं. म्हणजे तेवढे दिवस तीन तासांची राईड हा प्रश्नच उद्भवत नाही.

रात्रीची पाळी लावली तर ट्रेनिंग वाचतं, नाही लावली तर दोघंही अर्धे जागे राहतात. नऊ ते दोन एकजण गाढ झोपतो, दोन ते सात दुसरा. अंगावर पाजत असतील तर तिला उठावंच लागतं, पण लंगोट बदलणं, ढेकर काढणं, पुन्हा झोपवणं ही कामं बापाची. त्यामुळे तिचं उठणं पाऊण तासावरून वीस-पंचवीस मिनिटांवर येतं. दोघांनाही चार-पाच तासांची सलग झोप मिळणं महत्त्वाचं, एकूण बेरीज नंतर.

झोप आणि राईड यांचा माझा ठोकताळा साधा आहे. सहा तास किंवा अधिक: ठरलेलं सेशन. चार ते सहा: अर्धे इंटरव्हल किंवा तासभर झोन टू. चारपेक्षा कमी: ट्रेनरवर ३० मिनिटं सोपी किंवा सरळ झोप, रस्त्यावर अजिबात नाही. अशा दिवशी ताकद जागेवर असते, एखादी स्प्रिंट छानही जाते. जातं ते लक्ष. खड्डा उशिरा दिसतो, पुढच्याचं चाक जवळ येतं. कॉफीने हे झाकलं जातं, सुधारत नाही. शिवाय कॅफिनचा निम्मा अंश पाचेक तासांनीही शरीरात असतो. दुपारी तीनला घेतलेली कॉफी रात्री आठच्या डुलकीवर पाणी टाकते.

या काळात वजन उतरवायला जाऊ नये. जेवणं चुकतात, म्हणून राईडमध्येच खावं: तासाभराच्या सोप्या राईडला काही नको, त्यापुढे ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. परतल्यावर २० ते २५ ग्रॅम प्रथिनं, हाताशी तयार असतील अशा रूपात. स्वयंपाकघरात उभं राहून बनवायची वेळ येणार नाही.

परतल्यावरच्या पहिल्या तीन राईड हृदयाच्या ठोक्यांवर चालवाव्यात, वॅटवर नाही. मग एफटीपीचा आकडा अंदाजाने ५ ते ८ टक्के खाली ओढून काम सुरू करावं. टेस्टची घाई नको. सहा-आठ आठवड्यांनी, सलग दोन रात्री बरी झोप मिळाल्यावर २० मिनिटांची टेस्ट घ्यावी आणि सरासरी वॅटच्या ९५ टक्के एफटीपी धरावा. वाईट झोपेनंतर घेतलेली टेस्ट झोप मोजते. पुनरागमनाची रेस पाच-सहा महिन्यांच्या आत धरू नये. चौथ्या महिन्याच्या सुमारास बऱ्याच बाळांची झोप नव्याने विस्कटते, आणि नेमका तोच आठवडा टेपरचा निघतो.

शरीरात एक जागा अशी दुखते की सायकलवाला दोष हँडलबारला देतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला. गिअर बदलताना कळ येते. खरं कारण बाळ उचलण्याची पद्धत: अंगठा बाहेर ताणून काखेत हात घालून उचलणं. डी क्वेर्व्हेन नावाचा हा स्नायूबंधांचा त्रास नव्या आईबापांत नेहमीचा. तळवे वर करून, अंगठे बोटांना चिकटवून, ढुंगणाखालून आणि मानेखालून उचललं की ताण जातो. मान आणि कमरेसाठी आठवड्यातून दोनदा २० मिनिटं: डेडलिफ्ट, एका हाताची रो, प्लँक. पोझिशन इतकी खाली असेल की पाठ आखडते, तर स्टेमखाली एक स्पेसर (हँडल उंच करणारी कडी) टाकावा. दहा मिलिमीटरने रेस हरत नाही.

मन सतत उदास, चिडचिड, राईडलाही जावंसं न वाटणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर थकवा म्हणून सोडून देऊ नये. बाळंतपणानंतरचं नैराश्य नव्या बापांतही दहापैकी सुमारे एकाला गाठतं. डॉक्टरांकडे जायचं.

बाळाला सायकलवर घ्यायची घाई सगळ्यांनाच असते. किमान एक वर्ष होऊन मान पक्की झाल्याशिवाय, हेल्मेट पेलल्याशिवाय नाही. ट्रेलर असला तरी नाही. त्याआधी वेगळाच प्रश्न येतो. सात ते दहा महिन्यांत बाळ रांगू लागतं आणि घरातली सगळ्यात चमकणारी, फिरणारी गोष्ट ट्रेनरवर असते. कॅसेट (मागच्या गिअरच्या चकत्या) आणि साखळीच्या मधे बोट गेलं तर काय होतं ते सांगायला नको. तुमचे पाय थांबले तरी फ्लायव्हील काही वेळ फिरत राहतं. ट्रेनरच्या खोलीला कडी, राईड चालू असताना दार आतून बंद. डिग्रीझर, सीलंट, मेणाची कढई वरच्या फळीवर. आणि छातीचा पट्टा, पॉवर मीटर, केडन्स सेन्सर यांतल्या सीआर२०३२ बटण बॅटऱ्या. जुन्या काढून टेबलावर ठेवायची सवय आपल्या सगळ्यांना असते. गिळलेली बटण बॅटरी अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, ती ‘संपलेली’ असली तरी. काढल्या काढल्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी, झाकणाच्या डब्यात, उंचावर; आणि एखादी सापडत नसेल आणि बाळ जवळपास होतं, तर शोधत बसण्याआधी दवाखाना.